आईच्या बरणीतली चटणी: वर्षाचा कांदा-लसूण मसाला घरी करायचा तर

वर्षाची चटणी करायची असेल तर होळी झाली की तयारीला लागा आणि अक्षय्य तृतीयेच्या आत बरणीचं तोंड बांधून मोकळे व्हा. आमच्या कागल तालुक्यात हा हिशेब कॅलेंडर बघून कुणी करत नाही. होळीपर्यंत नवी मिरची बाजारात आलेली असते, ऊन तापायला लागलेलं असतं आणि एप्रिल सरता सरता दुपारी आभाळ भरून वळीव कोसळायची धास्ती असते. अंगणात मिरची पसरलेली असताना पहिला टपोरा थेंब पडला की आई ज्या शब्दांत आम्हा भावंडांना हाका मारायची, ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मिरची, तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं आणि खडा मसाला एकत्र कुटून केलेलं हे वर्षभराचं तिखट, म्हणजेच कांदा-लसूण मसाला. आमच्याकडे त्यालाच चटणी म्हणतात. मी गेली बरीच वर्षं पुण्यात नोकरी करतोय. इथे भेटणारा कोल्हापूर-सांगलीकडचा प्रत्येक जण कधी ना कधी आईच्या हातच्या वांग्याची, अंड्याच्या कालवणाची, साध्या आमटीची आठवण काढतो आणि ‘तशी चव येत नाही’ म्हणून बायकोच्या, गॅसच्या, नाहीतर पुण्याच्या पाण्याच्या नावानं बोटं मोडतो. अरे बाबा, आमटीची कृती सगळ्यांची सारखीच आहे. फरक चटणीच्या डब्यात आहे आणि तुझा डबा दुकानातून आलाय. त्यामुळे आईचं एखादं कालवण शिकायच्या आधी तिची चटणी शिका. ती जमली की निम्मा स्वयंपाक आपोआप जमतो.

आधी आईची मूठ तोला

खाली मी प्रमाण देतोय ते आमच्या आईचं आहे. तुमची आई, आजी, काकी हयात असेल आणि चटणी करत असेल तर माझं प्रमाण बाजूला ठेवा आणि तिचं पकडा. आता हे पकडायचं कसं, तेवढं सांगतो, कारण तिला विचारून काही हाती लागत नाही. आमची आई धने पितळी मापट्यानं घ्यायची, तीळ ओंजळीनं आणि लवंगा ‘हातात बसतील तेवढ्या’. मेथीला विचारलं की म्हणायची, “चिमूटभर रं, जास्ती नगं, कडू हुतंय.”

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या. प्रत्येक जिन्नस त्याच्या डब्यासकट आधीच तोलून वहीत आकडा लिहून ठेवा. मग काटा नजरेआड करा आणि तिला तिच्या सवयीनं हवं तेवढं घेऊ द्या. नंतर डबा पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं तेवढं तिचं प्रमाण. तिच्या हाताखाली काटा ठेवू नका. काटा दिसला की हात आखडतो आणि परीक्षेला बसल्यासारखी ती मोजूनमापून घालायला लागते. आमच्या आईची मेथीची ‘चिमूट’ एक किलो मिरचीला दहा ग्रॅम भरली, म्हणजे चांगले दोन चमचे. तिच्या शब्दावर विसंबून खरोखर चिमूट घातली असती तर चटणीचा तो मागे रेंगाळणारा किंचित कडसर खमंगपणा आलाच नसता. हिंगाचं उलटं झालं. ‘बक्कळ घालायचा’ म्हणणारा हिंग जेमतेम दहा ग्रॅमच होता.

मिरची

एक किलो मिरचीत अर्धा किलो संकेश्वरी, चारशे ग्रॅम ब्याडगी आणि शंभर ग्रॅम लवंगी, हे आमच्या घरचं. चव संकेश्वरीची, रंग ब्याडगीचा आणि झणका लवंगीचा.

संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, निपाणीच्या पुढे. तिथली आणि गडहिंग्लज भागातली जवारी, म्हणजे देशी, मिरची लांब, सडपातळ असते आणि तिच्या तिखटाला एक वास असतो. गडहिंग्लजच्या बाजारात ती मिळते, पण माल थोडा आणि भाव चढा. म्हणून दुसरीच कुठली तरी लांबडी मिरची ‘संकेश्वरी’ म्हणून गळ्यात मारणारेही भेटतात. ओळखीच्या दुकानातूनच घ्या. ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला बेताची. नुसत्या ब्याडगीची चटणी दिसायला देखणी होते, पण खाताना घाम फुटत नाही, आणि घाम फुटला नाही तर आमच्याकडे जेवण झालं असं धरत नाहीत.

संकेश्वरी मिळालीच नाही तर साडेसहाशे ग्रॅम ब्याडगी आणि साडेतीनशे ग्रॅम गुंटूर घ्या, लवंगी वगळा. तिखट बरोबर जमतं. चव जरा सपाट लागते, ती थोडा जास्त लसूण घालून सावरता येते.

घेताना मूठभर मिरची कानाशी नेऊन दाबा. सुकी असेल तर चुरचुर आवाज येतो. मऊ लागली, आवाज आला नाही, तर तिच्यात पाणी आहे आणि त्या पाण्याचे पैसे तुम्ही देताय. दोन-चार मिरच्या मोडून आत बघा. काळपट किंवा पांढरी बुरशी दिसली तर ते पोतंच सोडा. बुरशी उन्हानं मरत नाही, कुटून झाकली जाते, आणि ती पोटात जाणं चांगलं नाही.

घरी आणल्यावर कडक ऊन द्यायचं, दोन दिवस पुरे. देठ आत्ता काढू नका. देठासकट वाळवली की बिया सांडत नाहीत. जुन्या सुती साडीवर मिरची पसरा आणि वरून पातळ कापड घाला, कारण उघड्या उन्हात फार वेळ राहिली की रंग उडतो. दुपारी एकदा हलवा आणि दिवस मावळायच्या आत घरात घ्या. मिरची दुमडल्यावर वाकली तर अजून ओल आहे, कट्कन मोडली तर झाली. मग देठ खुडा. हे काम कंटाळवाणं आहे. आमच्याकडे त्याला शेजारच्या काक्या, मावश्या यायच्या आणि पुढच्या आठवड्यात आई त्यांच्याकडे जायची. अख्ख्या गल्लीचा वर्षाचा हिशेब त्या देठांबरोबर खुडला जायचा.

हातांची आग होणार. पाण्यानं धुऊन ती थांबत नाही, कारण मिरचीतला तिखट पदार्थ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी हाताला गोडं तेल चोळा, मग साबण लावा. डोळ्याला हात लावायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

बाकीचा माल

एक किलो मिरचीला एक किलो कांदा, पाव किलो लसूण, शंभर ग्रॅम आलं, कोथिंबिरीची एक मोठी जुडी आणि पाव किलो सुकं खोबरं. काही घरांत खोबरं अर्धा किलो घालतात. चटणी तीन-चार महिन्यांत संपणार असेल तर खुशाल घाला, रस्सा दाट होतो. वर्षभर ठेवायची असेल तर पाव किलोच्या वर जाऊ नका. बरणीत आधी खवटतं ते खोबरंच.

धने पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, खसखस पन्नास, जिरे पन्नास, हळकुंडं पन्नास, मोहरी वीस, मेथी दहा, शहाजिरे दहा. गरम मसाल्यात लवंग दहा ग्रॅम, काळी मिरी वीस, दालचिनी दहा, मसाला वेलची दहा, हिरवी वेलची पाच, दगडफूल दहा, बाद्यान (चक्रीफूल) दहा, तमालपत्र पाच, नागकेशर पाच, जायपत्री पाच आणि एक जायफळ. खडा हिंग दहा ग्रॅम. खडे मीठ दोनशे ग्रॅम. तेल भाजण्या-तळण्याला मिळून पाव लिटरच्या थोडं वर लागतं आणि ते शेंगतेलच घ्या. या सगळ्याची सव्वादोन ते अडीच किलो चटणी होते.

या यादीत दगडफुलावर कुणी काटछाट करत असेल तर करू देऊ नका. वाळलेल्या सालपटासारखं दिसतं, कच्चं हुंगलं तर मातकट वास येतो आणि म्हणून नवखी माणसं ते वगळतात. तेलात पडल्यावर त्याचा जो धुरकट वास सुटतो, तोच नंतर ‘आईच्या रश्श्याचा वास’ म्हणून आठवत राहतो. निवडताना मात्र त्यातले झाडाच्या सालीचे तुकडे आणि खडे नीट काढा.

कांदा

चटणी बिघडते ती बहुतेक वेळा कांद्यापायी. कांद्यात बहुतांश पाणीच. ते पाणी राहिलं की पावसाळ्यात बरणीत गुठळ्या होतात, मग आंबूस वास, मग बुरशी.

कांदा उभा, पातळ आणि एकसारखा चिरा. जाड-बारीक झाला की तळताना बारीक करपतो आणि जाड कच्चा राहतो. चिरलेला कांदा एक दिवस उन्हात मोकळा पसरा. तो आक्रसतो, हाताला चिकट लागेनासा होतो. मग लोखंडी कढईत तेल तापवून थोडा थोडा घाला आणि मध्यम आचेवर तळा. एकदम सगळा घातला तर तळायच्या ऐवजी शिजतो. रंग सोनेरीच्या पुढे, तपकिरीकडे झुकला की काढा. ताटलीत काढल्यावरही तो आणखी एक छटा गडद होतो, ते गृहीत धरा. गार झाल्यावर चिमटीत धरून चुरडा. चुरा झाला पाहिजे. नुसता दबला तर पुन्हा कढईत.

आई कढईसमोर पाटावर बसायची, एक पाय दुमडून, एक लांब सोडून. डाव्या हातात पदराचं टोक, उजव्या हातात उलथणं. कांद्याकडे ती फार बघायचीच नाही. बोलत असायची, कुणाची सोयरीक जमली, कुणाचा ऊस गेला, आणि मध्येच बोलणं तोडून “काढ आता” म्हणायची. आवाजावर तिचं लक्ष असायचं. कांद्यातलं पाणी आहे तोवर तेल चर्र करतं, पाणी संपत आलं की तो आवाज बसतो आणि बारीक, कोरडी कुरकुर सुरू होते. ती ऐकू आली की तुमच्याकडे अर्धा मिनिट आहे. आवाज ऐकायला शिका, रंग नंतर आपोआप कळतो. एक्झॉस्ट फॅन मात्र तेवढा वेळ बंद ठेवा.

लसणाच्या पाकळ्या सोलून ठेचा आणि त्याच तेलात गुलाबीसर होईपर्यंत परता. आल्याचे काप उन्हात सुकवून तसेच परता. कोथिंबीर धुऊन, कापडावर रात्रभर सुकवून, मग चिरून तेलात कुरकुरीत करा. काही जणी लसूण कच्चाच कुटतात. त्याचा वास झकास येतो, पण अशी चटणी पुण्या-मुंबईच्या दमट पावसाळ्यात टिकवायची तर फ्रिज लागतो.

भाजणं

नियम एकच: प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि आच मंद ठेवायची. आधी कोरडं भाजायचं ते उरका: तीळ तडतडेपर्यंत, खसखस किंचित रंग बदलेपर्यंत, खोबऱ्याचा कीस बदामी होईपर्यंत, जिरे-शहाजिरे वास सुटेपर्यंत, मोहरी पहिली तडतडली की बंद. खडे मीठही कोरडं भाजून घ्या, म्हणजे त्यातली ओल जाते. मग थोड्या तेलावर धने. धने दाताखाली कुडकुडले पाहिजेत. मेथी लालसर झाली की लगेच ताटात. तिथून पुढे चार-पाच सेकंदांत ती कडू होते आणि त्या कडूपणावर उपाय नाही. हळकुंडं आणि खडा हिंग तेलात तळून फुलवून घ्यायचे, नाहीतर ते कुटले जात नाहीत. गरम मसाला सर्वांत शेवटी, चमचाभर तेलात: आधी दालचिनी, लवंग, मिरी, वेलच्या, बाद्यान, मग तमालपत्र, जायपत्री, नागकेशर, आणि गॅस बंद करून उरलेल्या उष्णतेवर दगडफूल. जायफळ भाजायचं नाही, नुसतं फोडून घालायचं.

मिरची भाजायची का, यावरून घराघरांत भांडणं आहेत. आमच्याकडे ऊन चांगलं मिळालं असेल तर भाजत नाहीत. तेलाचा हात फिरवून नुसती कोमट करतात, म्हणजे कुटताना खकाणा कमी उठतो. मिरची भाजली की चटणी काळपट होते. ते काळं तिखट हवं असेल तर तो वेगळा मसाला, त्याबद्दल बोलायला मी योग्य माणूस नव्हे.

सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम माल डब्यात भरून झाकण लावलं की आत वाफ धरते आणि दोन दिवसांच्या उन्हावर पाणी फिरतं.

डंकावर

डंक म्हणजे मोटारीवर चालणारं कांडप. लोखंडी मुसळं एकामागून एक वर उचलली जातात आणि खालच्या उखळात आपटतात. पिठाच्या गिरणीत मिरची दगडांमध्ये रगडली जाऊन तापते, रंग आणि वास दोन्ही मंदावतात. डंकात ती कुटली जाते, तेलकट कांदा-खोबरंही नीट मिसळतं आणि चटणी भरड, जिवंत राहते. कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी, सांगली, कुठेही जा, मार्च-एप्रिलमध्ये डंकासमोर डब्यांची रांग लागलेली दिसते. पुण्यातही उपनगरांत कांडप आहेत. तुमच्या भागातल्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलंत तर तो पत्ता सांगतो.

सकाळी लवकर नंबर लावा. जुने कपडे घाला, नाका-तोंडाला ओला रुमाल बांधा. लहान पोरांना नेऊ नका. आम्ही हट्टानं जायचो आणि मग ठसका लागला की बाहेरच्या नळावर तोंड धरून बसायचो.

डंकावरून हलायचं नाही, ही आईची सक्त ताकीद होती. तिला कारणं होती. एक तर आधीच्या माणसाचा माल उखळाच्या तळाशी राहिलेला असतो. तो साफ करून घ्या, किंवा आपली मूठभर मिरची आधी कुटून ती बाजूला काढायला सांगा. दुसरं, शेवटी तळाशी राहतो तो माल आपला, तो खरवडून मागून घ्या. आणि तिसरं, क्रम. आधी हळकुंडं, हिंग, जायफळ आणि गरम मसाला कुटून घ्यायचा, कारण ते टणक. मग मिरची आणि मीठ. मग धने-जिरे-तीळ-खसखस. हे चाळून घ्यायचं, वर राहिलेला भरडा पुन्हा उखळात. त्यानंतर कांदा, खोबरं, लसूण, आलं, कोथिंबीर कुटायची आणि शेवटी सगळं एकत्र करून आणखी एक फेरी. ही शेवटची फेरी गर्दीच्या दिवशी टाळली जाते. तुम्ही तिथे उभे असाल तर टळत नाही.

झाली की नाही ते आई असं बघायची: चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन मूठ आवळायची आणि उघडायची. गोळा टिकला आणि तळहाताच्या रेषांत तेलाची लाल चमक दिसली तर बरोबर. भुसभुशीत होऊन ओघळली तर तेल कमी आहे. घरी आणून थोडं कडकडीत तापवलेलं आणि पूर्ण गार केलेलं शेंगतेल हातानं चोळून घ्यायचं. बोटांना थपथपीत चिकटली तर कांदा कमी तळलाय. अशी चटणी ताटात पसरून पंख्याखाली ठेवा आणि थेट फ्रिजमध्ये भरा. ती वर्षभराची नव्हे, चार महिन्यांची समजायची.

डंक नसेल तर

परदेशात असाल, किंवा नुसती चव बघायची असेल, तर वरच्या प्रमाणाच्या पाव भागाची करा: पाव किलो मिरची, पाव किलो कांदा, साठ ग्रॅम लसूण, याच हिशेबानं पुढे. ऊन नसेल तर मिरची ओव्हनमध्ये ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसवर कुरकुरीत होईपर्यंत ठेवा, दार किंचित उघडं राहू द्या म्हणजे ओल बाहेर पडते. चिरलेला कांदाही तसाच सुकवता येतो. धुराची घंटा असलेल्या घरात मिरचीला मोठी आच दाखवू नका. अग्निशमन दलाला आपल्या चटणीचं कौतुक नसतं.

मिक्सर सलग फिरवू नका. दहा सेकंद, थांबा, भांडं हलवा, पुन्हा दहा सेकंद. भांडं हाताला गरम लागलं की ते गार होईपर्यंत वाट बघा. आधी मिरची-मीठ, मग कोरडे मसाले, मग कांदा-खोबरं-लसूण, आणि शेवटी सगळं परातीत हातानं मिसळून थोडं थोडं पुन्हा फिरवायचं. मिक्सरचं झाकण उघडायच्या आधी पाच मिनिटं थांबा, खकाणा खाली बसू द्या. डंकाची सर येत नाही, पण दुकानातल्या पाकिटाच्या कितीतरी पुढे जाते.

बरणी

चटणी डंकावरून गरम येते, ती परातीत रात्रभर उघडी ठेवून गार करा. चिनी मातीची बरणी धुऊन उन्हात कोरडी झालेली असावी. थर दाबून दाबून भरा, आत हवा राहायला नको, आणि दोन थरांमध्ये हिंगाचे छोटे खडे ठेवा. तोंडाला सुती दादरा बांधा, वर झाकण. मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही आंघोळीनंतर हात कोरडे करून. रोजच्याला लहान डबा. आमच्या घरी ओल्या हातानं बरणीला शिवणाऱ्याला जो ओरडा बसायचा, तो परीक्षेत नापास झाल्यावरही बसला नसेल.

आणि आता आईची आमटी

तूरडाळ शिजवून घोटून ठेवा. पातेल्यात दोन पळ्या तेल, मोहरी, जिरे, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. लसूण लाल झाला की गॅस अगदी बारीक करा, किंवा बंदच करा, आणि मग दीड चमचा चटणी घाला. तेल जास्त तापलेलं असेल तर चटणी डोळ्यांदेखत काळी पडते. चटणी तेलात पसरली की लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओता. गरमच, गार नाही. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं उकळू द्या. मिरचीचा रंग तेलात उतरून वर लाल कट येतो. तो आला की डाळ, मीठ, चिंचेचा कोळ आणि गुळाचा खडा. डाळ आधी आणि चटणी वरून, असं केलंत तर कट येत नाही, चटणी नुसती तळाशी बसते. तांबड्या रश्श्याला, मसाल्याच्या वांग्याला, अख्ख्या मसुराला हाच नियम.

मी कॉलेजला असताना आठवड्याला गावाकडून एसटीनं डबा यायचा. भाकरी असायची, कोरड्यास म्हणून कधी वांगं, कधी मुगाची उसळ, आणि दर खेपेला एका छोट्या डबीत ही चटणी. वांगं पहिल्याच जेवणात संपायचं. पुढे दोन-तीन दिवस वाळकी ज्वारीची भाकरी, चटणीत बोटानं केलेलं आळं, त्यात ओतलेलं कच्चं शेंगतेल आणि हातानं फोडलेला कांदा. खोलीतली सोलापूरची, नांदेडची पोरं आधी नाक मुरडायची, मग डबीवर नजर ठेवून असायची. हे खाणं आजही तसंच करून बघा, फक्त भाकरी शिळीच हवी. ताज्या भाकरीला ते तेल लागत नाही.

आता आई खाली बसून कढई हलवत नाही. मार्च आला की मी गावी जातो, ती खुर्चीत बसते आणि मी कांदा तळतो. तिच्या हुकमाची वाट बघायची सवय मात्र सुटत नाही. कुरकुर मला ऐकू आलेली असते, तरी ती “काढ” म्हणेपर्यंत उलथणं थांबतंच.

नवी चटणी बरणीत भरायच्या आधी जुनी काढून घ्या. दोन्ही एकत्र करू नका. जुनीतलं खोबरं खवटलेलं असेल तर नवीही हातची जाते. वास चांगला असेल तर उरलेल्या जुन्या चटणीचा भडंग करा. दोनशे ग्रॅम चुरमुरे उन्हात किंवा कढईत कुरकुरीत करून घ्या. अर्धी वाटी तेलात मूठभर शेंगदाणे आणि वीस-पंचवीस लसणाच्या पाकळ्या सालासकट ठेचून लाल तळा, कढीपत्ता टाका, गॅस बंद करा, मग हळद आणि दोन चमचे चटणी. चुरमुरे त्यात हातानं चोळा, वरून मीठ आणि थोडी पिठीसाखर. चटणीत आधीच मीठ आहे, तेव्हा चाखून घाला.